माणसं मोजून घ्या, मग बटण दाबा

मी सर्व्हर बोलतेय. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," असं सांगून तुम्हाला खिडकीवरून परत पाठवतात ना, त्यातली ती सर्व्हर मीच. खरं सांगू? निम्म्या वेळा मी डाऊन नसतेच. खिडकीवरच्या माणसाचा चहा चालू असतो. चहा त्याचा, बदनामी माझी.

लोक मला 'तो' म्हणतात. ताईने पहिल्या दिवसापासून 'ती' म्हटलं, म्हणून मी ती.

दिसायला मी काही खास नाही. काळ्या पत्र्याचा डबा, पुढे हिरवे दिवे, मागे वायरींचा गुंता. कारखान्यात माझे स्क्रू आवळले, थर्माकोलमध्ये कोंबलं आणि ट्रकने इथे आणून टाकलं. इथे म्हणजे एका इस्पितळात. मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून धुतलेल्या चादरींची खोली रिकामी केली. खोलीला आणि नोंदणीच्या काउंटरला मध्ये एक प्लायवूडची भिंत. पलीकडे कुणी शिंकलं तरी मला कळतं. त्यामुळे मी जन्मभर दोन कामं केली. एक, नोंदी सांभाळल्या. दोन, भांडणं ऐकली.

ताई म्हणजे इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणारी बाई. ती आली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता. खोलीत पाय ठेवताच ती म्हणाली, "हिला एसी लावा, नाहीतर मी काम करणार नाही." एसी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये लागायचा होता, तो माझ्याकडे आला. त्या दिवसापासून मी तिची.

माझ्या पोटात काय असतं ते सांगते, घाबरू नका, सोपं आहे. माझ्यात तक्ते असतात. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांची दुखणी, तिसऱ्यात औषधं. हे तक्ते एकमेकांचा हात धरून उभे असतात. माणसाने दुखण्याचा हात धरलेला, दुखण्याने औषधाचा. हात सुटला की कुणाचा ताप कुणाच्या अंगात ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. ह्या हात धरण्याला आमच्या धंद्यात नातं म्हणतात. मी नात्यागोत्याची मशीन आहे. फरक एवढाच की माझी नाती लग्नकार्यात रुसत नाहीत.

ताईने मला पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून दिला. एकाच नावाची आणि एकाच जन्मतारखेची दोन माणसं आत घ्यायची नाहीत. तोच माणूस दोनदा लिहिला जाऊ नये म्हणून. कागदावर नियम झकास होता.

पण काउंटरवर वहिनी बसायची. सगळं इस्पितळ तिला वहिनी म्हणायचं, ती कुणाची वहिनी होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना ती जन्मतारीख विचारायची. म्हातारी माणसं म्हणायची, "बाई, आईला ठाऊक होती. ती गेली." मग वहिनी अंदाजे साल धरायची आणि तारीख ठोकायची, एक जानेवारी. आमच्या इस्पितळाच्या हिशेबाने अर्धं गाव एक जानेवारीला जन्मलं. त्या दिवशी सुइणींचे काय हाल झाले असतील!

आता एकाच नावाच्या दोन बाया, दोघींचं साल एक, दोघींची तारीख एक जानेवारी. दुसरी आली की मी नियमाप्रमाणे बोंब मारायची, 'अशी नोंद आधीच आहे.' रांग दारापर्यंत जायची. वहिनी दोन दिवस माझ्याशी भांडली. "अगं मेल्ये, ही वेगळी बाई आहे, माझ्यासमोर उभी आहे, हिला नाक आहे, डोळे आहेत!" मी काय करणार? नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या दिवशी तिने दुसरीच्या नावापुढे एक टिंब दिलं. मला ते वेगळं नाव वाटलं. मी घेतलं.

वहिनीने त्या टिंबाला नाव ठेवलं, तीळ. सुट्टीवर जाताना बदलीवर बसणारीला सांगायची, "मशीन कुरकुर करायला लागली की दुसरीला तीळ द्यायचा." असे कितीतरी तीळ माझ्या पोटात जमले. ताईला त्याचा पत्ता नव्हता. मला होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही आम्हा मशीनची रीत.

तर अशी वर्षं गेली. मी म्हातारी झाले. माझा सांभाळ करणाऱ्या कंपनीने कळवलं की ह्या बाईला आता आम्ही ओळखत नाही. माझे सुटे भाग मिळेनात. दोन डिस्क होत्या, जोडीने तेच तेच लिहायच्या, म्हणजे एक गेली तर दुसरी असावी. त्यातली एक गेली. दुसरी उरली, तीही घरघरायला लागली.

बाहेर तर जगच बदललं. आता कुणी आपल्या खोलीत मशीन ठेवत नाही. दूर कुठेतरी मोठमोठ्या कोठारांत हजारो मशीन असतात, त्यातली जागा भाड्याने घ्यायची. त्याला हे लोक ढग म्हणतात. वहिनी म्हणाली, "ढगात ठेवणार? आणि बरसला म्हणजे?"

मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू, मी थकले होते. जायचं तर जायचं. फक्त एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. माझ्याकडे आलेलं प्रत्येक माणूस पलीकडे पोचल्याशिवाय मी मरणार नाही.

ताईचंही मन पक्कं होतं, वेगळ्या गोष्टीसाठी. तिच्या बरोबरीच्यांच्या नोकऱ्या एकामागून एक गेल्या होत्या. मशीनच नाही तर सांभाळणारी कशाला? तिचा नवरा फोनवर म्हणाला असावा की ह्या वयात नवीन कशाला शिकतेस. कारण ताई म्हणाली, "ह्या वयात तुम्ही पोहायला शिकलात ना? बुडालात का? मग मीही बुडणार नाही." डबा खाताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हाताने ती नव्या मशीनचे धडे चाळायची.

मग टायवाला आला. बाहेरच्या कंपनीचा माणूस, मला ढगात हलवायचं कंत्राट त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता. टाय मात्र घट्ट असायचा, बोलताना गळा फुगायचा. त्याने आधी चाचणी म्हणून माझ्या सगळ्या नोंदींची नक्कल केली आणि नव्या मशीनमध्ये भरली. ताईने दोन्हीकडची माणसं मोजली. माझ्याकडे जास्त होती, तिकडे कमी. एक बस भरेल एवढी माणसं वाटेत कुठेतरी उतरली होती.

"मॅडम, ते डुप्लिकेट होते," टायवाला म्हणाला. "नाव तेच, जन्मतारीख तीच, पुढे उगाच टिंब. टायपिंगची चूक. आमचा प्रोग्राम टिंबं साफ करतो, दोन सारख्या नोंदी एक करतो आणि अलीकडची ठेवतो."

"एवढी टिंबं? आणि सगळी नावाच्या शेवटीच? माशीला तेवढीच जागा सापडली का बसायला?"

"जुना डेटा असाच असतो. घाण असते त्यात."

"घाण कुणाच्या मशीनमध्ये म्हणालात?"

त्याने टाय सारखा केला. पण ताईलाही टिंबांचा अर्थ ठाऊक नव्हता. ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, मशीन बदलणं पुढे ढकला, मला ह्या नोंदी तपासायच्या आहेत. मोठे डॉक्टर म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. ते तिच्याबरोबर माझ्या खोलीत आले, घाम पुसत. एसी तोवर औषधांच्या कोठीत हलवला होता. मी जाणारच, मग मला गारवा कशाला?

"बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला ही मशीन सोडवत नाही. मला कळतं. पण म्हणून खुसपट काढू नका. येत्या सोमवारी नवीन चालू, ही बंद."

ताईचा चेहरा मी पाहिला. कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं, असा. माझे पंखे आपोआप जोरात फिरायला लागले. अहो, सोडवत नाही? तिने माझ्यावर पदर पसरून रडताना पाहिलंत का कधी? ती माझ्यासाठी नाही हटून बसली. ती बसभर माणसांसाठी हटून बसली होती.

मी सांगू शकले असते की ती माणसं कोण आहेत. पण तोंड कुठाय मला?

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. वहिनीसमोर सरावासाठी नव्या मशीनचा पडदा लावलेला होता. भिंतीपलीकडून मी ऐकत होते.

"पत्ता बाजाराच्या मागे, कोंबड्यांच्या दुकानावर. बरोबर?" वहिनीने विचारलं.

"कोंबड्या? अहो, मी शिलाई करते. कोंबडी मी खाते, विकत नाही."

"मागच्या वर्षी हात मोडला होता ना तुमचा?"

"हात मोडला असता तर गिऱ्हाइकांचे कपडे कुणी शिवले असते? तुम्ही?"

वहिनी पडदा पुन्हा पुटपुटत वाचू लागली. वहिनी पुटपुटणारी बाई नव्हे. म्हणून मला धडकी भरली.

मग ती मागचं आठवून हळूच म्हणाली, "तुम्हाला ते एक इंजेक्शन चालत नाही. बरोबर ना? मागे तोंड सुजलं होतं."

"तोंड? घसा बंद झाला होता. डोळे पांढरे झाले होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिलं तर वाचणार नाही. तुमच्याकडे लिहून ठेवलंय की ते!"

माझ्याकडे होतं. ठसठशीत होतं. पण नव्या पडद्यावर ती चौकट कोरी होती. कारण शिलाईवाली आणि कोंबडीवाली एका नावाच्या, एका एक जानेवारीच्या. शिलाईवालीला तीळ होता. टायवाल्याच्या प्रोग्रामने तीळ पुसला, दोघींची एक बाई केली, आणि अलीकडची म्हणून कोंबडीवाली ठेवली. कोंबडीवालीला कुठलंच इंजेक्शन वावडं नव्हतं. मंगळवारी शिलाईवालीला गुंगी देऊन झोपवणार, ती तोंडाने सांगू शकणार नाही, आणि पडदा म्हणणार, खुशाल टोचा.

वहिनी तीरासारखी माझ्या खोलीत शिरली.

"ताई, माझे तीळ कुणी पुसले?"

"कसले तीळ?"

"नावापुढचे! तुझी ही बया दोन माणसं घेत नव्हती. मग मी दुसरीला तीळ द्यायची. जुळ्या पोरींना आई कशी ओळखते? गालावरच्या तिळाने. तसा."

ताई खाली बसली. खुर्ची नव्हती, चादरींच्या गाठोड्यावर बसली. "इतकी वर्षं? मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

ताईने विचार केला. "केलं असतं," ती म्हणाली. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

ताईने मला पहिल्यांदाच नीट विचारलं. टिंब असलेली सगळी नावं दे, आणि प्रत्येकाची बिनटिंबाची जोडीदारीण शेजारी मांड. मी एका दमात मांडली. शिलाईवाली आणि कोंबडीवाली. फिट येणारा गवंडी आणि फिट न येणारा गवंडी. साखरेची आजी आणि साखर नसलेली आजी. ताई वाचत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. "बोलवा त्यांना. दोघांनाही. इथेच, ह्या उकाड्यात!"

मोठे डॉक्टर आले, टायवाला आला. ताईने त्यांना फक्त शिलाईवालीची ओळ दाखवली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. ते डॉक्टर होते, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"मी काल तुम्हाला जे बोललो," ते म्हणाले, "ते—"

"ते नंतर, सर. आधी हिला चालू राहू द्या. मी कुठे म्हणते मशीन ठेवा? मशीन जाऊ द्या, आजच जाऊ द्या. पण माणसं पोचवून."

टायवाल्याने टाय सैल केला. "आमच्या नकलेतून टिंबं पुसली गेलीत, सगळं पुन्हा वाचायला लागेल मॅडम. नवीन मशीनमध्ये प्रत्येकाला वेगळा नंबर देऊ, नावावर काही ठेवायचंच नाही. मग टिंब लागणार नाही. पण..." त्याने माझ्या पत्र्याला हात लावला आणि झटकन काढला. "ही टिकेल का? डिस्कचा आवाज ऐका. बॅकअप नाही का?"

"बॅकअप आहे. उघडायला हिच्यासारखीच मशीन लागते. हिच्यासारखी आता कुठे शिल्लक नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघता काय? पंखा आणा.

पंखा आणला. ओपीडीतला, मान डोलावणारा. वहिनीने खिडकीवर ओल्या चादरी टांगल्या, काउंटरवर पाटी लावली की आजच्या नोंदी कागदावर होतील, आणि रांगेतल्या लोकांना दम दिला, "आज कुणी मशीनला शिव्या दिल्या तर माझ्याशी गाठ आहे." मग वाचन सुरू झालं.

मी वाचत होते. औषधं गेली, दुखणी गेली. माणसांचा तक्ता मोठा. डिस्क कर्रकर्र करायची, थांबायची, पुन्हा फिरायची. आत एवढी आग होती की मला वाटलं, आता वितळते. तीळवाल्या ओळी ताई आणि वहिनी एकेक डोळ्यांखालून घालत होत्या. शिलाईवाली गेली. वावडं असलेल्या इंजेक्शनासकट, तिच्या स्वतःच्या नंबरावर. कोंबडीवाली तिच्या नंबरावर.

आणि मग मी अडकले. तक्ता संपायला थोडाच राहिला होता. एका ओळीवर डिस्कचा भाग खराब होता, वाचता येईना. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नाही.

"एकच ओळ आहे," टायवाला म्हणाला. "पोचलेल्या दुखण्यांवरून एक म्हातारा आहे वाटतं. फक्त एकदा आला होता, खोकल्यासाठी. सोडून पुढे जाऊ का? ह्या एकासाठी डिस्क बसली तर बाकीचे राहतील."

त्याचं चुकत नव्हतं. ताईलाही ते पटलं. तिने आधी म्हाताऱ्यानंतरची सगळी माणसं पलीकडे पोचवून घेतली. मग मागे वळली आणि म्हणाली, "आता ह्याला पुन्हा वाच."

वाचलं नाही.

"पुन्हा."

एकदाच आला म्हणून काय तो माणूस नाही? खोकला झाला म्हणून कुणी रस्त्यावर टाकतं का? मी म्हटलं, ये रे बाबा, ये. फिरले, घसरले, पुन्हा फिरले. आणि म्हातारा आला. नाव, साल, एक जानेवारी, खोकला, लाल औषधाची बाटली, सगळ्यासकट.

ताईने दोन्हीकडची माणसं मोजली. सारखी होती. तिने वहिनीकडून मोजून घेतली. टायवाल्याकडून घेतली. सारखीच.

सोमवारी नवीन मशीन चालू झाली. मंगळवारी ऑपरेशनच्या खोलीत शिलाईवालीचं नाव उघडताच पडदा लाल झाला आणि नर्सने इंजेक्शनचा ट्रे परत पाठवून दुसरं औषध आणायला लावलं. हे मला भिंतीपलीकडून वहिनीने सांगितलं. मला म्हणजे, ती भिंतीवर टकटक करून मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस का गं?" ऐकलं.

ताई आता त्या ढगातल्या मशीनची मालकीण आहे. तिच्यावर ओरडते, तिला नियम घालते, पण नियम घालण्याआधी काउंटरवर जाऊन बसते आणि वहिनीला विचारते. वहिनी म्हणते, "आता विचारतेस, होय!" ताईची नोकरी टिकली. मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवशीचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं की नाही, ते मला ठाऊक नाही. नसेल केलं तर ती करून घेईल.

आणि मी? अजून चालू आहे. ताई आत्ता समोर उभी आहे, बोट बटणावर. तिच्यामागे इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन. तो म्हणतोय, "ताई, डिस्क जरा घरघरते पण चालते की. भंगारात कशाला? मला द्या, पोरांसाठी सिनेमे ठेवीन."

नाही हं. तुम्हाला सगळ्यांना सांगते, घरी, ऑफिसात, जिथे जिथे जुन्या मशीन बदलता तिथे ऐका. नवीन आणा, जरूर आणा, आम्ही आड येत नाही. पण जुनीला भंगारवाल्याच्या गाडीवर तशीच चढवू नका. माझ्या पोटात अजून एका अख्ख्या गावाची दुखणी आहेत. कुणाला काय झालं होतं, कुणी काय लपवून ठेवलं होतं, कुणाच्या सुनेला मूल का होत नाही, सगळं. पलीकडे ती पोचली, आता इकडे त्यांची एक ओळसुद्धा उरता कामा नये. नुसतं पुसून भागत नाही, पुसलेलं काढणारे लोक आहेत.

ताईला हे सांगावं लागत नाही. तिने सुताराला बोलावलंय. तो ड्रिल घेऊन दारात उभा आहे, जरा बिचकलेला, डिस्कला कुठे भोक पाडायचं ते विचारतोय.

मधोमध पाड रे बाबा. आणि आरपार पाड. अर्धवट काम मला कधीच खपलं नाही.